वर जाणाऱ्या संत्र्यावर कोणतं बल असतं?

नागपुरात अकरावीच्या कुठल्याही वर्गात विचारून बघा. संत्रं सरळ वर फेकलं, हातातून सुटलं आणि अजून वर चाललंय. या क्षणी त्याच्यावर कोणती बलं आहेत? बरीच पोरं सांगतील: खाली गुरुत्वाकर्षण आणि वर हाताचा जोर. हा जोर संपला की संत्रं खाली येतं.

उत्तर पटण्यासारखं आहे, पण चूक आहे. संत्रं सुटलं तेव्हाच हाताचं काम संपलं. हवेचा किरकोळ विरोध सोडला, तर त्यानंतर एकच बल उरतं, ते खाली ओढणारं. दोनशे ग्रॅमच्या संत्र्यावर ते सुमारे 2 न्यूटन भरतं. वर जाताना तेवढंच आणि खाली येतानाही तेवढंच. सेकंदाला 9.8 मीटर वेगाने फेकलेलं संत्रं एका सेकंदात 4.9 मीटर उंची गाठतं आणि क्षणभर त्याचा वेग शून्य होतो. बल मात्र तिथेही 2 न्यूटनच. तेही शून्य झालं असतं, तर संत्रं वरच लटकून राहिलं असतं!

या पोरांना हसू नये. फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याचा जोर भरला जातो, असं सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फिलोपोनस म्हणत होता, आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने हीच कल्पना नेटकी मांडली. वस्तूतलं द्रव्य जास्त, वेग जास्त, तर हा जोरही जास्त, असा त्याचा हिशेब होता. हे वर्णन आजच्या संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) बरंच जवळ जातं. म्हणजे वर जाणाऱ्या संत्र्यात काहीतरी असतं हे खरं, फक्त ते बल नव्हे. बल दोन वस्तूंच्या परस्परक्रियेत असतं. एकाच वस्तूत ते साठवून ठेवता येत नाही. माझ्या मते शिकवताना चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याऐवजी एवढं सांगितलं, तर पुढचं निम्मं काम सोपं होईल.

न्यूटनने 1687 साली जे मांडलं, त्यानुसार असंतुलित बलाने, म्हणजे सगळ्या बलांची बेरीज शून्य नसेल तर, वेग बदलतो. आहे तो वेग टिकवायला अशा बलाची गरज नसते.

वर्धा रोडवरच्या मेट्रोत हे अंगाला जाणवतं. समजा, गाडीने थांब्यावरून निघून 20 सेकंदांत ताशी 72 किलोमीटरचा वेग घेतला. म्हणजे वेग दर सेकंदाला सरासरी 1 मीटर प्रति सेकंदाने वाढला; वेग वाढण्याचा हा दर म्हणजे त्वरण. साठ किलोच्या प्रवाशाला तेवढं त्वरण द्यायला 60 न्यूटन बल लागतं, त्याच्या वजनाच्या जेमतेम दहावा हिस्सा. मग गाडी सरळ रुळावर त्याच वेगाने धावत राहते आणि तुम्ही दांडी सोडून खुशाल मोबाइल बघता. मोटर चालूच असते, पण तिचा जोर हवेचा आणि रुळांचा विरोध फेडण्यातच जातो. बेरीज शून्य, त्यामुळे वेग तोच.

बर्डी (सीताबर्डी स्टेशन) आली, ब्रेक लागले, की तुम्ही पुढे झुकता. तुम्हाला पुढे कोणीच ढकललेलं नसतं. गाडीचा वेग कमी होतो, तुमचं शरीर जुन्याच वेगाने निघालेलं असतं. दांडी धरली, तर तिचं मागे ओढणारं बल तुमचाही वेग कमी करतं.