फुटसाल विश्वचषक (पुरुष)

फुटसाल विश्वचषक : बंदिस्त सभागृहात, कठीण पृष्ठभागावर, एका बाजूला पाच खेळाडू घेऊन खेळायच्या फुटबॉलची पुरुष राष्ट्रीय संघांसाठी असलेली जागतिक स्पर्धा. ती फिफा भरवते. पहिली स्पर्धा १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली, दहावी २०२४ मध्ये उझबेकिस्तानात. चार वर्षांच्या नेमाप्रमाणे अकरावीची पाळी २०२८ ची. दहापैकी सहा वेळा ब्राझीलने चषक नेला, दोनदा स्पेनने, आणि एकेकदा अर्जेंटिना व पोर्तुगालने. विजेत्यांची ही नावे वाचून मोठ्या फुटबॉलचीच ही धाकटी पाती आहे, असा समज होतो. पण इंग्लंड आणि जर्मनी या स्पर्धेत आजवर एकदाही खेळलेले नाहीत, इराणने तिसरा आणि कझाकस्तानने चौथा क्रमांक मिळवला आहे, आणि १९९२ ची अंतिम फेरी अमेरिकेने गाठली होती. मैदानी फुटबॉलची उतरंड इथे चालत नाही.

उगम आणि नावाचे भांडण : १९३० मध्ये उरुग्वेने पहिला फुटबॉल विश्वचषक घरच्या मैदानावर जिंकला. त्या सुमारास माँतेव्हिदेओतली पोरे जागा मिळेल तिथे, बास्केटबॉलच्या कोर्टावरसुद्धा, फुटबॉल कुटत होती. तिथल्या वायएमसीएतले शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी या गोंधळाला नियम घातले. पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटे त्यांनी बास्केटबॉलकडून घेतली, गोलपोस्टचे माप हँडबॉलकडून आणि गोलरक्षकाचे काही नियम वॉटरपोलोकडून. ब्राझीलमध्ये हा खेळ फोफावला. पोर्तुगीज ‘फुतेबोल दे सालाओ’ आणि स्पॅनिश ‘फुत्बोल साला’ म्हणजे दिवाणखान्यातला, सभागृहातला फुटबॉल. त्याचेच आखूड रूप ‘फुटसाल’.

या आखूड रूपामागे एक तंटा आहे. १९७१ मध्ये ‘फिफुसा’ नावाची या खेळाची स्वतंत्र जागतिक संघटना निघाली. तिचे पहिले अध्यक्ष ब्राझीलचे जोआव आवेलांज, जे १९७४ मध्ये फिफाचेच अध्यक्ष झाले. फिफुसाने १९८२ मध्ये साओ पावलोत स्वतःचा विश्वचषक भरवला, नंतर १९८५ आणि १९८८ मध्येही. पहिले दोन ब्राझीलने जिंकले, तिसरा पराग्वेने. याच काळात फिफाने ‘फुत्बोल’ या शब्दावर हक्क सांगायला सुरुवात केली होती, म्हणून फिफुसाने १९८५ मध्ये ‘फुटसाल’ हे नाव पत्करले. पुढे फिफाने खेळही घेतला आणि फिफाला टाळण्यासाठी काढलेले नावही. फिफुसाची वारसदार संघटना आजही आपला वेगळा विश्वचषक भरवते, त्यामुळे जुन्या निकालांत ‘फुटसालचा जगज्जेता’ असा उल्लेख आढळला की तो कोणत्या घराण्याचा, हे आधी पाहावे लागते.

खेळाची चौकट : आंतरराष्ट्रीय सामन्याचे कोर्ट साधारण ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते, गोल तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. चेंडू चार नंबरचा, परिघ ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. खरी मेख त्याच्या उसळीत आहे : दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला तो ५० ते ६५ सेंटिमीटरच उठला पाहिजे. थोडक्यात, हा मुद्दाम मंद केलेला चेंडू आहे. तो हवेत मारून काही साधत नाही, जमिनीवरच राहतो. म्हणून फुटसाल खेळणारा चेंडू पायाच्या आतल्या बाजूने थांबवत नाही, वरून तळव्याने दाबून धरतो. दोन यार्डांवर बचावपटू उभा असताना चेंडू पायापासून वीतभर सुटला तरी तो गेलाच.

वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबते, त्यामुळे वेळकाढूपणाला वाव नाही. बाजूची रेषा ओलांडलेला चेंडू हाताने न फेकता पायाने आत मारायचा, तोही चार सेकंदांत; पंच हात वर करून बोटांनी सेकंद मोजत असतो. बदली खेळाडू कितीही वेळा, खेळ न थांबवता आत-बाहेर करता येतात. लाल कार्ड मिळाले तर संघ दोन मिनिटे, किंवा त्याआधी गोल खाल्ला तर तोवर, चौघांनिशी खेळतो. त्यानंतर पाचवा गडी आत येतो, पण बाहेर काढलेला नव्हे. एका डावात संघाचे पाच फाऊल झाले की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला भिंत न लावता थेट फटका मिळतो, दहा मीटरवरून. डावाची सात-आठ मिनिटे उरलेली असताना फाऊलचा आकडा पाचावर आला की बचावपटू हात मागे बांधल्यासारखे खेळू लागतात.

पिछाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षकाला बसवून त्याच्या वेगळ्या रंगाच्या जर्सीत पाचवा मैदानी खेळाडू उतरवतो. मागे गोल उघडा, पुढे पाचाविरुद्ध चार. हा जुगार काही संघांनी नित्याचा केला आहे. कझाकस्तानचा ब्राझीलमध्ये जन्मलेला गोलरक्षक इगिता तर सामना सुरू झाल्यापासूनच अर्धी रेषा ओलांडून पास देत फिरायचा, आणि २०२१ मध्ये याच खेळावर तो देश उपांत्य फेरीत पोहोचला.

स्पर्धेचा प्रवास : सुरुवातीला सोळा संघ असत, २००८ मध्ये वीस झाले, २०१२ पासून चोवीस आहेत. चार-चारांचे सहा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे चार सरस संघ असे सोळा बाद फेरीत जातात. एकूण सामने बावन्न.

पहिल्या तीन स्पर्धा ब्राझीलने जिंकल्या. त्यातली तिसरी, १९९६ ची, स्पेनमध्ये होती आणि अंतिम सामन्यात यजमानांनाच ब्राझीलने ६-४ असे हरवले. स्पेनने त्याची परतफेड २००० मध्ये ग्वातेमालात ४-३ अशी केली. ब्राझीलच्या मानुएल तोबियासने त्या स्पर्धेत १९ गोल केले, तरीही चषक गेला. २००४ मध्ये तैपेईत स्पेनने इटलीला २-१ असे हरवून तो राखला. पुढे २००८ मध्ये रिओत पेनल्टी शूटआऊटवर आणि २०१२ मध्ये बँकॉकला अतिरिक्त वेळेत ब्राझीलने स्पेनलाच मागे टाकले. बँकॉकच्या स्पर्धेसाठी बांधायला घेतलेले मोठे सभागृह वेळेत तयार झाले नाही. स्पर्धा सुरू असताना फिफाने ते नाकारले आणि तिथले सामने दुसरीकडे हलवावे लागले.

२००८ च्या स्पर्धेतल्या दोन गोष्टी सांगितल्या की फुटसालचा नकाशा ध्यानात येतो. पहिली इटलीची. तिसरे आलेल्या त्या संघातले सगळे खेळाडू ब्राझीलमध्ये जन्मलेले होते, पणजोबा-खापरपणजोबा इटलीतून गेलेले. ब्राझीलमध्ये गुणी खेळाडू इतके, की उरलेल्यांतून दुसऱ्या देशांचे संघ उभे राहतात. इटलीवर टीका झाली खरी, पण रशिया, स्पेन, कझाकस्तान यांनीही तो मार्ग कमी-अधिक वापरला आहे. दुसरी गोष्ट सॉलोमन बेटांची. प्रशांत महासागरातल्या या छोट्या देशाला रशियाने ३१-२ असे धुतले; त्यातले नऊ गोल पुला या एकट्या खेळाडूचे. चार वर्षांनी हाच संघ पुन्हा पात्र ठरला आणि त्याने ग्वातेमालाला ४-३ असे हरवले. लहान देशांना इथे पुढे यायला चार वर्षे पुरतात, कारण एक सभागृह, चौदा खेळाडू आणि एक बरा प्रशिक्षक एवढ्यावर संघ बांधता येतो.

या स्पर्धेचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू ब्राझीलचा आलेसांद्रो रोझा व्हिएरा, म्हणजे फाल्काओ. विश्वचषकात त्याचे ४८ गोल आहेत आणि २००४ व २००८ अशा दोन्ही वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. २०१६ च्या कोलंबियातल्या स्पर्धेत बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात इराणने ब्राझीलला ४-४ असे रोखले आणि पेनल्टींवर बाहेर काढले. त्याआधी ब्राझील कधी पहिल्या तिघांच्या बाहेर राहिला नव्हता. एकोणचाळिशीतल्या फाल्काओचा तो शेवटचा विश्वचषक. निकाल लागल्यावर इराणी खेळाडू आपला जल्लोष सोडून त्याच्याकडे गेले आणि त्याला हवेत झेलू लागले. जिंकलेल्यांनी हरलेल्याला उचलून घेतल्याचे ते दृश्य अनेकांना त्या वर्षीच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त आठवते. तो अंतिम सामना अर्जेंटिनाने रशियाविरुद्ध ५-४ असा जिंकला.

पुढची स्पर्धा २०२० ऐवजी कोरोनामुळे २०२१ मध्ये लिथुआनियात झाली. पोर्तुगालने कौनासमध्ये अर्जेंटिनाला २-१ असे नमवले, दोन्ही गोल पानी या खेळाडूचे. सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र कर्णधार रिकार्दिन्योला. २०२४ मध्ये स्पर्धा प्रथमच मध्य आशियात आली. ताश्कंद, बुखारा आणि अंदिजान इथे सामने झाले. पहिल्याच बाद फेरीत व्हेनेझुएलाने स्पेनला आणि कझाकस्तानने गतविजेत्या पोर्तुगालला घरी पाठवले. प्रथमच खेळणारा फ्रान्स उपांत्य फेरीत गेला. ६ ऑक्टोबरला ताश्कंदमध्ये ब्राझीलने अर्जेंटिनाला २-१ असे हरवून बारा वर्षांनी चषक परत मिळवला.

आशिया आणि भारत : आशियातून इराण हा कायमचा दावेदार. पण त्यालाही बाकीच्यांसारखी फुटसालच्या आशिया चषकातूनच वाट काढावी लागते. २०२४ मध्ये विश्वचषकाची पात्रता त्याच स्पर्धेवर ठरली. त्या वर्षी अफगाणिस्तान प्रथमच विश्वचषकाला गेला आणि अंगोलाला ६-४ असे हरवून बाद फेरीतही पोहोचला. देशात खेळाची किमान व्यवस्था नसताना हे घडले, हे विसरून चालणार नाही.

भारत या स्पर्धेत कधीच खेळलेला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फुटसालची राष्ट्रीय क्लब स्पर्धा सुरू केली ती २०२१ मध्ये, आणि पुरुषांचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला २०२३ मध्ये. त्याआधी २०१६ मध्ये एका खासगी लीगने फाल्काओ, रोनाल्डिन्यो, रायन गिग्ज अशी नावे चेन्नई आणि गोव्यात आणली. गोव्याच्या संघाकडून रोनाल्डिन्योने एका सामन्यात पाच गोल मारले, विजेतेपद मुंबईच्या संघाने नेले. महासंघाची मान्यता या लीगला नव्हती आणि दोन हंगामांत तिचा गाशा गुंडाळला गेला.

मुंबई, ठाणे, पुण्यात रात्री दहानंतर तासाच्या भाड्याने चालणाऱ्या टर्फवर पाच-पाच जणांचा जो फुटबॉल रंगतो, त्याला बरेच जण फुटसाल म्हणतात. तो फुटसाल नव्हे. तिथे कृत्रिम गवत असते, चेंडू बहुधा पाच नंबरचा आणि उसळणारा, आणि बाजूच्या जाळीवर आपटून परत आलेला चेंडू खेळात धरला जातो. फुटसालमध्ये जाळी नसते, रेषा असते. जाळीच्या भरवशावर वाढलेला मुलगा रेषेवर आला की त्याचे पास एकामागून एक बाहेर जातात. लाकडी किंवा रबरी पृष्ठभागाचे, ४० मीटर लांबीचे सभागृह आपल्याकडे असलेच तरी ते बॅडमिंटन आणि लग्नसमारंभांत वाटलेले असते.

तरी सप्टेंबर २०२५ मध्ये कुवेतमध्ये झालेल्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत भारताने मंगोलियाला ३-० असे हरवले. पुरुष फुटसाल संघाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्याच गटातल्या कुवेत आणि ऑस्ट्रेलियाशी मात्र भारत हरला, आणि पात्रता हुकली.