मॅट्रिक्स ब्रिज

स्वतः चालवलेला मॅट्रिक्स चॅट सर्व्हर व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारख्या सेवांशी जोडणारा प्रोग्रॅम. मॅट्रिक्स हा २०१४ पासूनचा खुला प्रोटोकॉल (चॅटच्या देवाणघेवाणीची नियमावली) असून सिनॅप्स हा त्याचा सर्वांत रुळलेला सर्व्हर होय.

ब्रिज सिनॅप्सला ‘ॲप्लिकेशन सर्व्हिस’ म्हणून जोडतात. त्यासाठीच्या नोंदणी-फाइलमध्ये ब्रिजचा पत्ता, दोन गुप्त टोकन (ओळख पटवणाऱ्या परवलीच्या खुणा) आणि ब्रिजसाठी राखीव सदस्यनावांचा साचा असतो. पलीकडच्या प्रत्येक व्यक्तीसाठी ब्रिज सर्व्हरवर एक बाहुली-खाते उघडतो. पुण्यातल्या एखाद्या ढोल-ताशा पथकाच्या ग्रुपवर ‘आज सराव सहाला, नदीपात्रात’ असा निरोप ताईंनी टाकला, की मॅट्रिक्सवर तो ताईंच्याच नावाने उमटतो. उलट दिशेने मात्र ज्याने लॉगिन केले त्याचेच निरोप जातात. इतरांसाठी रिले चालू करता येतो. मग सगळे एकाच नंबरवरून बोलतात, नाव तेवढे पुढे लागते. वीस-पंचवीस जणांच्या ग्रुपवर याने गोंधळ ठरलेला.

व्हॉट्सॲपची जोडणी क्यूआर कोड स्कॅन करून होते. व्हॉट्सॲपच्या लेखी ब्रिज हे फोनला जोडलेले आणखी एक उपकरण. अशी चारच उपकरणे चालतात, आणि मुख्य फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर ती आपोआप लॉगआउट होतात. हा अधिकृत मार्ग नसल्याने खाते बंद होण्याची टांगती तलवार राहतेच.

सर्व्हर घरी ठेवायचा तर घरगुती ब्रॉडबँडला स्वतंत्र सार्वजनिक आयपी (बाहेरून पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) बहुधा मिळत नाही. टनेल (दुसऱ्या सर्व्हरमार्गे आत येण्याची वाट) किंवा भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो. शिवाय देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पुण्याची जुनी रीत आहेच. तेवढ्यापुरते थांबलेले निरोप वीज आल्यावर सहसा पोहोचतात.

खरी मेख एन्क्रिप्शनची, म्हणजे निरोप कुलूपबंद ठेवण्याची. व्हॉट्सॲपचे कुलूप ब्रिजवर उघडते, मग मॅट्रिक्सचे लागते. मधल्या क्षणी मजकूर उघडा असतो. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ज्याचे यंत्र, त्याला मनात आणल्यास सारा ग्रुप वाचता येतो. ग्रुपला विचारल्याशिवाय ब्रिज जोडणे म्हणूनच गैर.

अशा जोडण्या समोरच्याच्या मर्जीवर टिकतात. फेसबुक चॅटने २०१० मध्ये एक्सएमपीपी या खुल्या चॅट प्रोटोकॉलसाठी उघडलेले दार २०१५ मध्ये बंद झाले. मॅट्रिक्स आणि लिबेरा चॅट (जुन्या आयआरसी पद्धतीचे चॅट-जाळे) यांच्यातला अधिकृत ब्रिजही ऑगस्ट २०२३ मध्ये थांबला. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपवर इतर सेवांना जोडणी देण्याचे बंधन घातले. ते युरोपातल्या वापरकर्त्यांपुरते आहे.