भंडारा उधळला की चित्र का फुटतं?

जेजुरीच्या गडावर भंडारा उधळतानाचा कुठलाही व्हिडिओ मोबाइलवर उघडा. पायऱ्या, दीपमाळा, फेट्यांचे रंग, सगळं खणखणीत दिसत असतं. मग ‘येळकोट येळकोट’चा गजर होतो, हळद हवेत उडते आणि चित्र फुटतं. दीपमाळांच्या कडा विरघळतात, चेहरे मेणाचे होतात. ढग खाली बसला की सगळं पुन्हा जागच्या जागी. कॅमेरा तोच, उजेडही तोच.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘फोर-केमध्ये एक्स्पोर्ट कर, क्लॅरिटी येईल’. तो इतका पसरलाय की फुल-एचडीत शूट केलेलं फूटेजही लोक ताणून फोर-के करतात. कॅमेऱ्याने टिपलाच नाही तो तपशील एक्स्पोर्टच्या खिडकीत कुठून येणार? उलट नुकसान होण्याचीच शक्यता जास्त.

हिशेब करून बघा. फुल-एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सेकंदाला १२४ कोटी बिट होतात. तासाभराचं चित्रीकरण ५६० जीबीच्या घरात जातं. यूट्यूब फुल-एचडीसाठी सुचवतं तो बिटरेट मात्र ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८० लाख बिट. एका फ्रेमच्या वाट्याला ३ लाख २० हजार. साडेसहा पिक्सेलमध्ये मिळून एक बिट! तेवढ्याच बिटरेटमध्ये चौपट पिक्सेलचं फोर-के कोंबलंत, तर २६ पिक्सेलमध्ये एक.

एवढ्या तुटपुंज्या बिटांत चित्र उभं राहतं, कारण एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. मागच्या फ्रेममधला अमुक तुकडा तीन पिक्सेल उजवीकडे सरकला, एवढंच तो नोंदवतो आणि उरलेला फरक तेवढा वेगळा लिहितो. गडाच्या पायऱ्या हलत नाहीत, त्यांचा फरक जवळजवळ शून्य. हळदीचा कण पुढच्या फ्रेममध्ये कुठे असेल, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. तिथे फरकच फरक. लग्नात अक्षता पडताना आणि मिरवणुकीत गुलाल उडताना हेच होतं.

या फरकाचं पुढे जे होतं, ते मला या सगळ्यात जास्त आवडतं. मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात होते. एका गणिती रूपांतरावर काम करायला त्यांनी १९७२ मध्ये तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. मिळालं नाही, कल्पना फारच साधी आहे, असं एका परीक्षकाचं मत पडलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते रूपांतर १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. हाच डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी. जेपेग फोटो त्याच्यावरच चालतात आणि एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या प्रचलित पद्धतीत त्याचीच पूर्णांकी आवृत्ती वापरतात.

आठ बाय आठ पिक्सेलचा चौकोन घ्या. त्यातल्या ६४ आकड्यांच्या जागी डीसीटी दुसरे ६४ आकडे देतं. पहिला आकडा चौकोनाची सरासरी उजळता सांगतो. त्याच्या शेजारचा, डावीकडून उजवीकडे उजेड सावकाश किती बदलतो ते सांगतो. पुढचे आकडे अधिकाधिक घाईच्या चढउतारांचे, आणि अगदी शेवटचा म्हणजे पिक्सेलगणिक काळं-पांढरं होणारी बारीक जाळी. गणित उलटं फिरवलं की मूळ पिक्सेल परत मिळतात. इथवर काहीच हरवलेलं नाही. गंमत अशी, की चित्रात शेजारशेजारचे पिक्सेल बहुधा सारखेच असल्यामुळे सगळा जोर सुरुवातीच्या मोजक्या आकड्यांत गोळा होतो.

समजा ते ८१०, ४७, −१३, ६, ३, −२ असे आले. एन्कोडर एक पायरी ठरवतो, प्रत्येक आकड्याला तिने भागतो आणि जवळचा पूर्णांक लिहून ठेवतो. पायरी ८ असेल तर लिहिले जातात १०१, ६, −२, १, ०, ०. बघताना ८ ने गुणून ८०८, ४८, −१६, ८, ०, ० मिळतात. फारसं बिघडलं नाही. पायरी ३२ केली तर लिहिले जातात २५, १ आणि पुढे शून्यच. परत येतात ८००, ३२, बाकी गायब. रुपयांत हिशेब ठेवणारा दुकानदार अचानक शंभराच्या नोटांतच हिशेब लिहू लागला, तर चिल्लर उधारी वहीत दिसणारच नाही, तसं. शून्यांची लांब रांग लिहायला बिट जवळजवळ लागतच नाहीत, म्हणून फाइल लहान होते.

एच.२६४ मध्ये पायरीचा क्रमांक म्हणजे क्यूपी, ० ते ५१. तो ६ ने वाढला की पायरी दुप्पट: २२ ला ८, २८ ला १६, ३४ ला ३२. फरक वाढला आणि बिटांची मर्यादा तीच राहिली, तर पायरी वाढवण्याखेरीज एन्कोडरपुढे मार्ग नसतो. त्यात चौकोनांच्या कडा उठून दिसू नयेत म्हणून तो त्या गुळगुळीत करतो. मेणाचे चेहरे येतात ते यातून.

म्हणून एक्स्पोर्टच्या खिडकीत आधी रेट कंट्रोल, म्हणजे बिटांची वाटणी कशी होणार ते, बघा. सीबीआर (स्थिर बिटरेट) म्हणजे शांत गाभाऱ्याला आणि भंडाऱ्याला सारखाच वाटा. टू-पास व्हीबीआर (बदलता बिटरेट) सगळा व्हिडिओ आधी चाळतो आणि मग वाटणी करतो. मला पटतो तो तिसरा मार्ग: एडिटिंग सॉफ्टवेअरमधून प्रोरेससारख्या, फारसं न दाबणाऱ्या प्रकारातली जड फाइल काढायची आणि हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्स२६४ हा एच.२६४ चा एन्कोडर निवडून आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा (लहान तितका चांगला), १८ ते २० ठेवायचा. इथे आपण बिट ठरवत नाही, दर्जा ठरवतो. फाइल किती मोठी होईल हे आधी कळत नाही, एवढाच तोटा.

यूट्यूब आलेला प्रत्येक व्हिडिओ पुन्हा एन्कोड करतं आणि मोठ्या रिझोल्यूशनला जास्त बिट देतं. ताणलेलं फोर-के तिथे थोडं बरं दिसतं ते या जादा बिटांमुळे. ‘एआयने ८-के’ करून देणारी ॲप्स तर तपशील शोधतच नाहीत, अंदाजाने रंगवतात. आजोबांच्या जुन्या कॅसेटमधल्या हसण्याला नवे दात फुटले तर दचकू नका.

कमी उजेडात शूट केलं की फूटेजमध्ये खरखर येते. एन्कोडरच्या लेखी तीही हळदीच्या कणांसारखीच, म्हणून ती आधी डीनॉइज करून घ्यावी. संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसत असतील, तर मात्र उलट करायचं. ८ बिटांत एका रंगाच्या जास्तीत जास्त २५६ पायऱ्या. त्या लपवायला टाइमलाइनवर अगदी हलकी ग्रेन, म्हणजे बारीक कृत्रिम खरखर, घालावी, आणि तिच्यासाठी बिटरेटही थोडा वाढवावा.