गाडीला प्लग आणि फ्रिजला हीटर

रात्री आठ वाजले की पार्ल्यातल्या आमच्या घरी आईच्या हातात फोन असतो आणि फोनमध्ये भाचा. तो कॅनडातल्या विनिपेगला शिकायला गेलाय. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिथे सकाळचे साडेआठ, आणि जानेवारीत साडेआठला तिथे जेमतेम फटफटतं. पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. तो पार्किंगमधून चालत होता आणि त्याच्या मागे गाड्यांची रांग दिसत होती. प्रत्येक गाडीच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत होती आणि समोरच्या खांबावरच्या प्लगमध्ये गेली होती.

"विजेवरच्या गाड्या का रे सगळ्या?" आईनं विचारलं.

"नाही आजी, पेट्रोलवरच्याच आहेत."

"मग मोबाइलसारख्या चार्जिंगला कशाला लावल्यात?"

प्रश्न चोख होता. मी बाथरूममधून खोबरेल तेलाची बाटली आणून आईसमोर ठेवली. मुंबईत थंडी पडली की नाही, हे वेधशाळेच्या आधी ही बाटली सांगते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना थिजतं. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे बाटली उलटी केली आणि थेंब पडला नाही, की आमच्याकडे कानटोपी निघते. गाडीच्या इंजिनातलं तेल असं गपकन थिजत नाही, पण पारा उणे ३० ला गेला की ते मधासारखं घट्ट होतं. त्या मधात इंजिन फिरवायला स्टार्टरला एरवीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते, त्यामुळे तिची ताकद निम्म्यावर आलेली असते. काम दुप्पट आणि कामगार अर्धा, अशी गत. म्हणून इंजिनात एक छोटा हीटर बसवतात, ब्लॉक हीटर. तो बहुधा इंजिनाभोवतीचं शीतक द्रव कोमट ठेवतो. ज्या द्रवाचं एरवीचं काम इंजिन थंड करायचं, तोच इथे शेकोटीचं काम करतो. साधारण ४०० वॉट पुरतात, आपल्या इस्त्रीच्या निम्म्याहून कमी. विनिपेगच्या दक्षिणेला, सीमेपलीकडे अमेरिकेत ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे. तिथल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी अशा हीटरचं पेटंट १९४९ साली मिळवलं. थंडीनं गांजलेल्या माणसालाच हे सुचणार, मुंबईकराला कशाला सुचेल?

डिझेलचं दुखणं मात्र खोबरेल तेलाच्या जवळचं. त्यात मेणासारखे घटक असतात. गारठ्यात त्यांचे स्फटिक होतात आणि फिल्टर तुंबतो, म्हणून तिथे हिवाळ्याचं डिझेल वेगळं मिळतं. आणि टायर! रात्रभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर जमिनीला जिथे टेकलेला असतो तिथे चपटा होतो आणि रबर त्याच आकारात कडक होऊन बसतं. सकाळी गाडी निघते ती बैलगाडीसारखी धडधडत. तिथले लोक याला 'चौकोनी टायर' म्हणतात. दोन-चार किलोमीटर गेलं की रबर गरम होतं आणि टायर पुन्हा गोल.

"आज किती आहे?" हा आईचा रोजचा प्रश्न.

"उणे ३१. पण वाऱ्यामुळे ४७ वाटतंय."

"नक्की किती ते एक सांग. ३१ की ४७?"

दोन्ही, आई. पाऱ्यापुरतं ३१, कातडीपुरतं ४७. आपल्या अंगाभोवती कोमट हवेचं एक पातळ अस्तर असतं. वारा ते सतत ओढून नेतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवं अस्तर तापवावं लागतं. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा संशोधकांनी अंटार्क्टिकात पाण्यानं भरलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं वाऱ्यात टांगलं आणि त्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यावरून १९४५ मध्ये त्यांचं गणित प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेनं ते सुधारून माणसाच्या चेहऱ्याला लागू पडेल असं केलं. ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उणे ३१ चे उणे ४७ होतात ते याच नव्या सूत्रानं. मात्र वारा कितीही सुटला तरी पार्किंगमधली गाडी उणे ३१ च्या खाली जात नाही. ती फक्त लवकर तिथे पोचते. उघड्या नाकाला मात्र पाच-दहा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. आपल्याकडे मे महिन्यात '३४ आहे, पण ४२ वाटतंय' म्हणतात, ते याच जातीचं गणित. फक्त तिथे खलनायक वारा, इथे दमटपणा.

(पार्ल्याला लागूनच असलेल्या सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश आहे, २७ जानेवारी १९६२ चा. आई तेव्हा शाळेत होती. 'त्या दिवशी आम्हीही गोठलोच होतो,' असं ती भाच्याला ऐकवते. तो आदरानं गप्प बसतो.)

मला त्या थंडीपेक्षा तिथल्या कोरडेपणाचं जास्त नवल वाटतं. विनिपेग म्हणजे बर्फ, बर्फ म्हणजे पाणी, तेव्हा हवा ओली असणार, असा आपला समज. हिशेब करून बघा. दहा बाय बाराची एक खोली घ्या. जुलैतल्या मुंबईत त्या खोलीच्या हवेत वाफेच्या रूपात जवळजवळ पाऊण लिटर पाणी असतं. एक बाटली भरेल एवढं! विनिपेगची उणे ३० ची हवा त्याच खोलीत भरली तर तिच्यात पाणी निघेल दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. तेही ती हवा अगदी काठोकाठ भरलेली असली तर. हवा थंड झाली की तिच्यात वाफ मावतच नाही. ही दोन चमच्यांची हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकेल त्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेली वाफ, दोन टक्क्यांवर येते. आंघोळी, स्वयंपाक, माणसांचे श्वास आणि वाफारा सोडणारी यंत्रं यांमुळे ती पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत चढते. त्याहून जास्त चढवायची सोय नाही, कारण मग ती वाफ खिडकीच्या गार काचेवर आतून बर्फ होऊन चिकटते. घराच्या आत खिडकीवर बर्फ!

या कोरड्या घरात भाचा पहिले दोन महिने उड्या मारत होता. स्वेटर काढला की चट्, दाराची मूठ धरली की चट्, लिफ्टचं बटण दाबलं की चट्. चालताना गालिच्याशी बूट घासले जातात आणि अंगावर विद्युतभार साठतो. मुंबईत तो साठतच नाही असं नाही. पण आपल्याकडच्या दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अदृश्य थर असतो आणि त्यातून भार हळूच पसार होतो. तिथे त्याला वाट मिळत नाही. झटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणजे बोटातून ठिणगी उडाली तेव्हा तेवढे नक्कीच होते. आकडा भयंकर असला तरी प्रवाह नगण्य, म्हणून माणूस फक्त दचकतो. भाच्यानं एकदा दिवे मालवून फोनसमोर स्वेटर काढून दाखवला. आधी अंधार, मग चटचट आवाज आणि बारीक निळ्या ठिणग्या. आईनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. आता तो दाराच्या मुठीला आधी हातातली किल्ली टेकवतो. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, बोटाच्या एका बिंदूवर नाही, म्हणून झोंबत नाही. तिथे मुरलेली माणसं असंच करतात, म्हणे.

त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा आईनं लगेच निदान केलं. "नाकात तूप सोड." कोरड्या हवेनं नाकाचं अस्तर तडकतं आणि स्निग्ध थर ओल धरून ठेवतो, त्यामुळे शास्त्र इथे आईच्या बाजूनं आहे. पोळीचं मात्र तिला काही करता आलं नाही. झाकण उघडं राहिलं तर दहा मिनिटांत पोळीचा पापड होतो. उलट चिवडा! इथून नेलेला चिवडा तो उघड्या वाडग्यात ठेवतो आणि आठवड्यानंतरही तो कुरकुरीत असतो. जुलैत आमच्याकडे डबा उघडून फोन घ्यायला गेलं तरी परत येईपर्यंत चिवडा मऊ. त्या दिवशी आईला पहिल्यांदा विनिपेगचा हेवा वाटला.

मग पंचाचा प्रयोग झाला. आईनं सामानात दोन पंचे घातले होते. त्यातला एक भाच्यानं भिजवून, पिळून बाल्कनीत नेला आणि दोन टोकांना धरून उभा राहिला. मिनिटाभरात पंचा ताठ. त्यानं एक हात सोडला तरी तो तसाच आडवा राहिला, पत्र्यासारखा. दारावर ठोकला तर ठक ठक आवाज आला. "मोडेल रे!" आई ओरडली. असे गोठलेले कपडेही वाळतात. बर्फ पाणी न होता थेट वाफ होतो, त्याला संप्लवन म्हणतात. डांबरगोळी कपाटात ओल न सोडता झिजत जाते, तसंच. पण उणे ३० ला हे फार संथ चालतं. उणे १० ला बर्फावर जेवढा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन निसटायचा जोर असतो, त्याचा सातवा हिस्सा जेमतेम उरतो. खरी मजा पुढे आहे. तोच पंचा घरात खुर्चीच्या पाठीवर टाकला, तर तिथली कोरडी हवा त्यातलं पाणी जुलैतल्या मुंबईच्या हवेपेक्षा चार-पाच पट हावरटपणे ओढते. आमच्याकडे पावसाळ्यात पंखा लावून दोन दिवस दोरीवर हेलकावे खाल्लेल्या कपड्यांना येणारा कुबट वास त्याला आता आठवतही नाही. तो वास जिवाणूंचा असतो, आणि त्यांना जगायला ओल लागते.

संक्रांतीला तो तिथल्या एका मराठी घरी तिळगुळाला गेला. त्यांच्या गॅरेजमध्ये जास्तीचा फ्रिज होता आणि फ्रिजच्या आत छोटा हीटर. आईला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. पण यात काही चूक नाही. अनेक फ्रिजमध्ये तापमान ओळखणारा थर्मोस्टॅट एकच असतो आणि तो खालच्या, दूधभाजीच्या कप्प्यात असतो. घराच्या उबेमुळे गॅरेजमध्ये एखाद-दोन अंश असतात. तेव्हा थर्मोस्टॅट म्हणतो, इथे गारच आहे, कॉम्प्रेसरला कशाला उठवायचं? कॉम्प्रेसर झोपून राहतो आणि वरच्या फ्रीझरमधलं आइस्क्रीम वितळतं. बाहेर उणे ३०, आणि आइस्क्रीमचं पाणी! म्हणून हीटर. तो थर्मोस्टॅटला गरमी झाल्याची थाप मारतो, मग कॉम्प्रेसर चालू होतो. कडाक्याच्या रात्री गॅरेजच शून्याच्या खाली गेलं, तर दूध गोठू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचं. त्या पेटीचं काम तेव्हा गार करायचं नसून ऊब राखायचं असतं.

आइस्क्रीमवरून संचा आठवला. मे महिन्याच्या सुटीत आमच्या वाडीत लाकडी बादलीचा संचा भाड्यानं यायचा. मधल्या डब्यात आटवलेलं दूध, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर जाडं मीठ. वर गोणपाट टाकून एका पोरानं बसायचं, दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. मीठ नसतं तर दूध घट्ट झालंच नसतं, कारण नुसता बर्फ शून्यावर अडतो. मीठ मिसळलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो. वितळायला प्रत्येक ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता लागते आणि ती तो दुधातून ओढतो. हीच करामत थंड देशांत रस्त्यांवर करतात. मीठ फेकलं की बर्फाचं पाणी होतं. पण संच्याला तळ आहे. मीठ आणि बर्फाचं मिश्रण उणे २१ च्या खाली द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि त्याच्या बऱ्याच आधी मीठ रेंगाळायला लागतं. उणे ३१ च्या सकाळी विनिपेगचा रस्ता म्हणजे फुल्ल जमलेला संचा. मीठ काहीही करत नाही. मग रेती टाकतात, निदान बूट तरी धरतो.

गेल्या मे महिन्यात तो दोन वर्षांनी घरी आला. विनिपेगचा चष्म्याचा किस्सा त्यानं आम्हाला कितीदा सांगितला होता. बाहेरून घरात शिरलं, की गारठलेल्या काचेवर घरातली असेल नसेल ती वाफ धावून येते आणि माणूस दारातच आंधळा होतो. तिथे सगळे चष्मेवाले दार उघडून आत येतात आणि तिथेच उभे राहतात. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी व्हायला लागते तो तिचा दवबिंदू, काच त्याहून गार असली की झालं. विमानतळावर आई कठड्याला टेकून उभी होती. एसीच्या गारव्यातून तो ढकलगाडी रेटत बाहेर आला, तेव्हा त्याच्या काचा असतील २२-२३ अंशांच्या, आणि मे महिन्यातल्या मुंबईच्या हवेचा दवबिंदू पंचविसाच्या आसपास. आत जाताना नाही, बाहेर पडताना दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. तो जागच्या जागी थांबला, मागच्या चार ढकलगाड्या त्याच्यावर आदळल्या.

"रडतोयस होय रे?" आईचा आवाज भरून आला होता.

"नाही गं आजी, दवबिंदू."

तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत चढवला. काचा अजून पंचविसाला पोचल्या नव्हत्या. त्या पुन्हा धुरकटल्या.