वही, मोबाइल आणि ९५० रुपयांचा जोड

कोल्हापूरच्या चप्पल लाईन या चपलांच्या बाजारातला हिशेब वर्षानुवर्षं दोन वह्यांवर चालत आला: एकीत रोजचा गल्ला, दुसरीत कारागिरांचं देणं. चपलेचा तळ एका घरी बनतो, वेणी दुसऱ्या घरी, मजुरी जोडावर, आणि उचल त्याच पानावर वजा. तयार बिलिंग अॅपला ही दुसरी वही कधी कळलीच नाही. त्याला ठाऊक फक्त खरेदी आणि विक्री. म्हणून मोबाइल आला तरी मजुरी कागदावरच राहिली.

खरा धक्का जीएसटीचा. ९५० रुपयांचा एक जोड घ्या. जुलै २०१७ मध्ये त्यावर १८ टक्के, जुलै २०१८ पासून ५, जानेवारी २०२२ पासून १२, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ (आता ही सवलत २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला आहे). चप्पल तीच, दर तीन वेळा बदलला. अॅपमध्ये दर मालाच्या नावाशी बांधलेला असतो. तो एकदा भरला की पुन्हा कोणी उघडून बघत नाही. मग बिल जुन्या दराचं निघतं आणि घोळ विवरणपत्र भरताना उघडा पडतो. दर बदलला की जुनी नोंद बंद करून त्याच मालाची नवी नोंद उघडावी, म्हणजे मागची बिलं जशीच्या तशी राहतात.

ऑनलाइन बाजारात माल टाकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर विकता येतं, पण राज्यातल्या राज्यात. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचं, आणि त्या नावनोंदणी क्रमांकावर शेजारच्या, पण कर्नाटकातल्या निपाणीला जोड पाठवता येत नाही!

परत येणाऱ्या मालाचं कारण बहुतेकदा माप. नवी कोल्हापुरी घट्टच बसते, वापरून सैलावते. घरबसल्या मागवणाऱ्याला हे सांगायला दुकानदार समोर नसतो. नंबराशेजारी तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी, गिऱ्हाइकाकडून कागदावर पाय ठेवून काढलेल्या आकृतीचा फोटो मागवावा, आणि अंगठ्याचा पट्टा सुरुवातीला आवळतो हे मालाच्या वर्णनात पहिल्याच ओळीत लिहावं.