डाउनरिगर कुठे बसवायचा, हे तार ठरवते

जुलै महिन्यात अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात बोटीवरून हात बुडवला, तर पाणी वीस-एकवीस अंश सेल्सिअसचं, सहज सोसवेल असं लागतं. त्याच जागी तीस-चाळीस मीटर खाली ते पाच-सहा अंशांवर आलेलं असतं. हा फरक हळूहळू पडत नाही. मध्ये काही मीटर जाडीचा एक पट्टा असतो आणि त्यात पारा धाडकन उतरतो. याला थर्मोक्लाइन म्हणतात. गोडं पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून थंड पाणी तळाशी बसून राहतं आणि उन्हाने तापलेलं हलकं पाणी त्याच्यावर झाकणासारखं पडून असतं.

चिनूक सामनला बाराच्या आसपासचं तापमान मानवतं. म्हणजे भर उन्हाळ्यात हा मासा वरच्या पाण्यात सापडत नाही, त्याच्यापर्यंत आमिष खाली न्यावं लागतं. ते काम डाउनरिगर करतो.

कोकणात गरवायला बसलेला माणूस दोरीला शिसं बांधतो आणि गरी खाली सोडतो. बोट थांबलेली असेल तर तेवढं पुरतं. सामनसाठी मात्र बोट ताशी चारेक किलोमीटरने चालती ठेवावी लागते, कारण त्याला पळणारं आमिष लागतं. चालत्या बोटीमागे लहानसं शिसं पाण्याच्या रेट्याने वर येतं. मोठं बांधलं तर रॉड त्याच्याच ओझ्याने वाकतो, आणि मासा लागला तरी आपण ओढतो ते शिसंच. डाउनरिगरने हा पेच सोडवला तो वजनाला स्वतंत्र तार देऊन. बोटीच्या काठावर एक चक्री, तिच्यावर गुंडाळलेली पोलादी तार, पाण्यावर पुढे काढलेली आडवी दांडी, टोकाला कप्पी आणि तारेच्या शेवटी चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. रॉडची दोरी गोळ्याजवळ एका चिमट्यात अडकवायची. माशाने हिसका दिला की चिमटा सुटतो. गोळा तारेवर राहतो आणि दोरीवर फक्त मासा.

खरं तर सामन हा या सरोवराचा मूळ रहिवासी नाही. अटलांटिककडून कालव्यांच्या वाटेने आलेल्या आल्वाइफ या लहान माशाने (आपल्या तारलीचा लांबचा भाऊबंद) इथे बेसुमार वीण वाढवली होती. १९६७च्या उन्हाळ्यात मेलेल्या आल्वाइफचे किनाऱ्यावर ढीग लागले, शिकागोपर्यंत दुर्गंधी पसरली. त्याच्या आदल्याच वर्षी मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाने, हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने, ओरेगनहून आणलेल्या अंड्यांतून वाढवलेली कोहो सामनची पिल्लं इथल्या नद्यांत सोडली होती. पाठोपाठ चिनूक आला. दोघांनी आल्वाइफवर ताव मारला, आणि त्यांच्यामागे हौशी मच्छीमारांच्या बोटी आल्या.

तशीच एक बोट माझ्या मित्राची. बावीस फूट लांब, मागच्या भिंतीला बाहेरून टांगलेलं एक आउटबोर्ड इंजिन. पहिल्या वर्षी त्याने उजव्या बाजूचा डाउनरिगर सुकाणूच्या जरासा मागे, काठावर बसवला. दांडी घेतली आखूड, हातभराची. कारण साधं होतं. सुकाणू धरूनच चक्रीपर्यंत हात पोचायला हवा होता. एका सकाळी समोरून दुसरी बोट आली. याने सुकाणू डावीकडे वळवलं, इंजिनाचा वेग वाढवला, आणि खट्कन आवाज होऊन इंजिन बंद पडलं. तार इंजिनाच्या पंख्यात गुंडाळली गेली होती. गोळा तळाला गेला.

असं का झालं? आपल्याला वाटतं, बोट चालते तेव्हा पाणी गोळ्याला मागे ढकलतं. हिशेब करून पाहिला तर गंमत कळते. साडेचार किलोच्या गोळ्याचा व्यास नऊ सेंटिमीटर. ताशी चारेक किलोमीटर वेगाला त्याच्यावर पाण्याचा रेटा येतो जेमतेम सव्वादोन न्यूटन. तार एक मिलिमीटरहूनही बारीक, पण ३० मीटर लांब. तिच्यावर रेटा येतो वीसेक न्यूटन, गोळ्याच्या जवळजवळ दहापट. गोळ्याचं काम नुसतं खाली ओढायचं. मागे वाहून जाते ती तार. त्यामुळे ती सरळ रेषेत राहत नाही, धनुष्यासारखी वाकते. गोळ्याजवळ जवळपास उभी, आणि वर पृष्ठभागाजवळ उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली. सोडलेली तार मोजणारा चक्रीवरचा मीटर ३० दाखवत असला तरी गोळा असतो २८ मीटरवर आणि दांडीच्या टोकापासून आठ-नऊ मीटर मागे.

आता वेग दुप्पट करा. रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. मित्राने त्या दिवशी ४० मीटर तार सोडली होती. संथ चालीत ती वरच्या टोकाला ३७ अंश कललेली असणार. वेग दुप्पट झाला की तोच कल ७० अंशांच्या पुढे जातो. तार जवळजवळ आडवी होऊन पंख्याच्या उंचीवरूनच मागे जायला लागते.

त्यात वळणाची भर. बोट मोटारीसारखी वळत नाही. डावीकडे वळताना तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी आत येते, पण मागची बाजू उजवीकडे भिरकावली जाते. उजवी तार तिथेच पाण्यात असते, आणि बोटच सरकून तिच्या डोक्यावर येते. वळणाच्या बाहेरच्या बाजूची तार बोटीखाली जाते, आतल्या बाजूची बोटीपासून दूर पडते. वाऱ्याने बोट आडवी सरकत असेल तरी हेच, बोट ज्या बाजूला सरकते त्या बाजूची तार खाली शिरते.

म्हणून डाउनरिगरची पहिली जागा बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांत. तिथे आखूड दांडी चालते, कारण वाकून मागे जाणाऱ्या तारेच्या वाटेत बोट उरतच नाही. फक्त आउटबोर्डचा पंखा मागच्या भिंतीच्याही मागे असतो, तेव्हा दांडी त्याच्यापासून पुरेशी बाजूला हवी. आणखी दोन लावायचे असतील तर ते काठावर, कोपऱ्यांच्या थोडे पुढे, दीड-दोन मीटरच्या लांब दांडीचे, बोटीशी काटकोनात.

लांब दांडीची किंमतही मोजावी लागते. बोटीच्या मध्यापासून काठ सव्वा मीटर, पुढे दांडी पावणेदोन मीटर. बोट दहा अंश कलली की तीन मीटरवरचं टोक अर्धा मीटर खालीवर होतं, आणि त्याबरोबर खाली गोळा नाचतो. काहींना हा नाच आवडतो, आमिष जिवंत वाटतं म्हणतात. मला तो शांत पाण्यात पटतो, लाटांत नाही.

आणि डाउनरिगर ज्यावर बसतो त्या बैठकीचं काय? पाच किलोचा गोळा नुसता लटकत असतो तोवर चार बोल्ट पुरतात. गोळा तळाच्या खडकात अडकला आणि बोट चालतीच राहिली, तर तारेवर ६०-७० किलोंचा ताण सहज येतो, तोही लांब दांडीच्या टोकाला. तरफेचा नियम शाळेत शिकलेलाच आहे. फायबरचा पातळ काठ अशा वेळी बोल्टसकट उचकटतो. म्हणून काठाच्या खालून अॅल्युमिनियमची जाड पट्टी लावून बोल्ट तिच्यातून आवळायचे, आणि चक्रीचा ब्रेक इतकाच घट्ट ठेवायचा की तार तुटण्याआधी चक्री फिरेल.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. तार पाण्यात गुणगुणते. तिच्या मागे पाण्याचे भोवरे आळीपाळीने डावीउजवीकडे सुटतात. वेगाला तारेच्या जाडीने भागून त्याचा पाचवा हिस्सा घेतला की दर सेकंदाची कंपनं मिळतात, इथे अडीचशेच्या आसपास. पेटीवरच्या पांढरी एकच्या जवळचा सूर. दांडीला हात लावला तर तो बोटांत जाणवतो.

आता मित्राचे दोन्ही डाउनरिगर मागच्या कोपऱ्यांत आहेत. आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राचा संवेदकही मागच्याच भिंतीला असल्याने त्याच्या २० अंशांच्या शंकूत, तार फार मागे गेली नसेल तेव्हा, गोळेही दिसतात, पडद्यावर दोन रेघा होऊन. बोट वळली की आतल्या बाजूच्या गोळ्याचा वेग कमी होतो आणि ती रेघ खाली उतरते, बाहेरची वर चढते. मित्र म्हणूनच मुद्दाम नागमोडी जातो. आतल्या रॉडला मासा लागला तर त्याला संथ आमिष हवंय असं समजून इंजिन थोडं हळू करतो, बाहेरच्याला लागला तर थोडं वाढवतो.