पालकांसाठीच्या पुस्तकांना सव्वातीनशे वर्षांचा इतिहास आहे

मूल व्हायच्या सुमारास बरेच जण वाचायला काय घ्यावं म्हणून विचारू लागतात. अशा वेळी सुचवल्या जाणाऱ्या पुस्तकांत आरोग्य, संगोपन आणि शिक्षण हे तीन विषय जवळजवळ नेहमी एकत्र येतात. ही सांगड जुनी आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ साली शिक्षणावर जे पुस्तक छापलं, त्याची सुरुवातच मुलाच्या शरीरापासून होते. मोकळी हवा, साधं जेवण, पुरेशी झोप हे आधी. मग स्वभाव आणि सवयी. पुस्तकी विद्या सगळ्यात शेवटी. आपण विद्येला शेवटचं स्थान दिलं याचं वाचकाला नवल वाटेल, हे लॉक यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांचं वैद्यकाचं शिक्षण झालेलं होतं. एडवर्ड क्लार्क या मित्राला मुलाच्या संगोपनाबद्दल लिहिलेल्या पत्रांतून हे पुस्तक तयार झालं. मुलाचे पाय रोज थंड पाण्यानं धुवावेत आणि त्याचे जोडे पाणी आत शिरेल इतके पातळ असावेत, असाही सल्ला त्यात आहे. लॉक अविवाहित होते. त्यांना मूलबाळ नव्हतं.

म्हणजे पहिल्याच महत्त्वाच्या पुस्तकात शहाणपण आणि नुसता तर्क शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि दोन्हींचा सूर सारख्याच खात्रीचा आहे. पुढच्या तीन शतकांत वाचकांना खरा त्रास झाला तो यामुळेच. पानावरच्या सुरावरून कोणता सल्ला तपासून घेतलेला आहे आणि कोणता मनात आला म्हणून लिहिलेला आहे, हे कळायला मार्ग नसतो.

१७४८ मध्ये विल्यम कॅडोगन या डॉक्टरांनी लंडनच्या 'फाउंडलिंग हॉस्पिटल' या अनाथालयासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. तान्ह्या बाळाला कापडात करकचून गुंडाळू नका, कपडे सैल ठेवा, आईचं दूध पाजा, हे त्यांचं सांगणं आजही पटतं. पण मुलं वाढवण्याचं काम फार काळ बायकांच्या हाती राहिलं आणि त्यांना त्याचं योग्य ज्ञान असूच शकत नाही, असंही त्यांनी त्यातच लिहिलं. ज्यांनी पुस्तक वाचायचं, त्यांच्याबद्दलचा हा अविश्वास या लेखनप्रकाराला पुढे खूप काळ चिकटून राहिला.

विसाव्या शतकाच्या तोंडावर त्याला शिस्तीचं रूप आलं. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांचं १८९४ चं पुस्तक मुळात बाळांची देखभाल शिकणाऱ्या परिचारिकांसाठी होतं. प्रश्न आणि उत्तर अशी त्याची मांडणी होती. दूध घड्याळाप्रमाणे पाजायचं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाशी खेळायचं नाही. या कडकपणामागे भीती होती, हे समजून घेतलं पाहिजे. १९१५ च्या सुमारासही अमेरिकेत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे शंभर पहिल्या वर्षातच दगावत होती. दूषित दूध हे त्यामागचं एक मोठं कारण होतं, आणि दुधाच्या स्वच्छतेबद्दलच्या अशा पुस्तकांतल्या सूचना खरोखर उपयोगाच्या होत्या. पण स्वच्छतेला जी शिस्त लागते, तीच मायेलाही लावली गेली. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तर १९२८ मध्ये मुलांना मिठी मारू नका, मुका घेऊ नका, सकाळी फार तर हात मिळवा, असं बजावलं. त्याला कसलाही भक्कम आधार नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९४६ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांचं पुस्तक आलं. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, स्वतःवर विश्वास ठेवा, असं आईबापांना सांगत ते सुरू होतं. जगभरात त्याच्या कोट्यवधी प्रती गेल्या. कित्येक घरांत मुलांना जवळ घेण्याची मोकळीक या पुस्तकामुळे आली, आणि मला ते ऋण मोठं वाटतं. तरीही या इतिहासातला सगळ्यात दुःखद धडाही याच पुस्तकात आहे.

१९५० च्या दशकातल्या आवृत्तीपासून स्पॉक बाळाला पालथं झोपवा असं सांगू लागले. उताणं झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, असं त्यामागचं कारण. वाचताना ते कुणालाही पटेल. त्या काळी असं सांगणारे ते एकटे नव्हते, इतर डॉक्टरही हेच सांगत होते. पण पालथं झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त असतं, हे पुढे सिद्ध झालं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाळाला उताणं झोपवण्याच्या मोहिमा ब्रिटन, अमेरिका आणि इतर देशांत सुरू झाल्या आणि अमेरिकेत असे मृत्यू दशकभरात जवळपास निम्म्यावर आले.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. हा धोका १९७० च्या सुमारासच ओळखता आला असता, असं त्यांना आढळलं. तेव्हाच कुणी ते अभ्यास पद्धतशीरपणे एकत्र केले असते, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियात मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. सल्ला देणारे मुलांचे हितचिंतकच होते. आईबापांनीही सांगितलं तसंच केलं होतं.

माहिती अशी एकत्र करून तोलण्याची पद्धत रुजायला मात्र वेळ लागला. ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ मध्ये तिचा आग्रह धरला आणि १९९३ मध्ये त्यांच्या नावानं संशोधनाचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्याआधीची पुस्तकं मोठ्या प्रमाणावर लेखकाच्या अनुभवावर आणि अधिकारावर उभी होती.

त्या अधिकाराचा सर्वाधिक मार आयांना बसला. १९२८ मध्ये वॉटसन यांनी आईला दोष दिला तो फार माया करते म्हणून. १९६७ मध्ये मुलांच्या मानसिक आजारांवर लिहिणारे ब्रूनो बेटेलहाइम यांनी स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) खापर आईच्या थंडपणावर फोडलं. त्याच्या तीन वर्षं आधी, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी ही अवस्था जैविक आहे असं सविस्तर मांडलं होतं. तरी कित्येक आयांनी तो आरोप वर्षानुवर्षं मनात बाळगला.

१९७० मध्ये बोस्टनमधल्या काही स्त्रियांनी वेगळी वाट धरली. वैद्यकाची पुस्तकं स्वतः वाचून, त्यांना आपल्या अनुभवांची जोड देऊन त्यांनी स्त्रीच्या शरीराबद्दल वर्तमानपत्री कागदावर १९३ पानांची पुस्तिका छापली. किंमत ७५ सेंट. पुढे ती 'अवर बॉडीज, अवरसेल्व्ज' या नावानं जगभर गेली. वाचणाऱ्या बाईला सगळं समजू शकतं, हे त्यात गृहीतच धरलेलं होतं. आरोग्याचं पुस्तक निवडताना मी आजही हेच आधी पाहते.

शिक्षणाच्या पुस्तकांची गत जरा निराळी. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, ब्रिटिश शिक्षक ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये समरहिल शाळा काढली, आणि दोघांनी आपापल्या शाळेतून दिसलेलं मूल लिहून ठेवलं. अशा लेखनातून मुलांकडे बघायची नजर मिळते. पण एका शाळेत जे जमलं ते सगळीकडे जमेल का, हे त्यावरून ठरवता येत नाही. वाचन शिकवण्याबाबत तर उघड भांडण झालं. १९५५ मध्ये लेखक रुडॉल्फ फ्लेश यांनी अमेरिकन शाळांवर टीका केली की त्या मुलांना अक्षर आणि ध्वनी यांची जोडी शिकवतच नाहीत, अख्खे शब्द नजरेनं पाठ करायला लावतात. २००० साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीच्या अहवालानं अक्षर-ध्वनी पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूनं कौल दिला. त्यानंतरही वाद शमला नाही. कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीनं शिकवा, ही लोकप्रिय कल्पना २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा तिला पुरेसा पुरावा सापडला नाही. पुस्तकांत मात्र ती अजून भेटते.

जुनी आवृत्ती हातात पडली तर काय होतं, याचं अगदी अलीकडचं उदाहरण शेंगदाण्याचं आहे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका असं सांगितलं. २००८ मध्ये पुरावा अपुरा म्हणून ती भूमिका सोडून दिली. २०१५ मध्ये ६४० बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: धोका असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच, घशात अडकणार नाही अशा रूपात शेंगदाणे नियमित दिले, तर पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी राहतं. या बाळांना सुरुवात डॉक्टरांना विचारून करायची असते. २००० ते २००८ दरम्यान छापलेली कितीतरी पुस्तकं आजही ग्रंथालयांत आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगांत आहेत, आणि बाकीची पानं चांगली असल्यामुळे ती प्रेमानं पुढे दिली जातात. म्हणून बाळाच्या आहाराचं, झोपेचं किंवा औषधाचं पुस्तक कुणाला सुचवताना नावाबरोबर आवृत्तीचं वर्षही सांगावं, आणि वर्ष जुनं असेल तर ती प्रकरणं नव्या आवृत्तीतून वाचायला सांगावीत.